एकोणतीस जानेवारीचं ऊन

१४ नोव्हेंबर

ओड्वार,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे चुलीत टाकायला निघाला असशील, तर थांब. हे आईबद्दल आहे. माझ्याबद्दल असतं तर मीच चुलीत टाकलं असतं.

फोन केला की तू "हॅलो" म्हणतोस, मी "अरे ऐक" म्हणते आणि तू ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. खाडी ओलांडायला होडीला पाव तास लागतो. पत्र मात्र आधी शहरात जाणार आणि तिथून फिरून चार दिवसांनी तुझ्या काठाला लागणार. जाऊ दे. सख्खे भाऊबहीण बारा वर्षं तोंड फिरवून बसलो, त्यात चार दिवस कसले मोजायचे!

आईचं हृदय थकलंय. मंगळवारी नर्स सिग्नी येऊन बघून जाते, तिनेच डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, नाताळ निघेल, पुढचं सांगवत नाही. मी दाराआड उभी राहून ऐकत होते आणि आई आत पलंगावर. तिला सगळं ऐकू येतं, हे मीच विसरले. आतून म्हणाली, "नाताळ नको मला. एकोणतीस जानेवारी हवी. ऊन बघते, मग खुशाल न्या."

डॉक्टर दक्षिणेकडचा, कोवळा पोरगा. त्याने विचारलं, एकोणतीसच का? आईने त्याला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारापाशी नेलं आणि चौकटीवरची बाबांची खूण दाखवली. चाकूने कोरलेली आडवी रेघ, शेजारी दोन तारखा. तेरा नोव्हेंबरला ऊन जातं, एकोणतीस जानेवारीला परत येऊन बरोबर त्या रेघेवर पडतं. तो बिचारा "हो का, हो का" करत राहिला.

काल तेरा नोव्हेंबर होती. आकाश स्वच्छ होतं. मी खिडकीत उभी होते. त्याबद्दल आज एवढंच लिहिते.

माझ्या जिवाला थारा नाही, ओड्वार. दुपारी दोनलाच काळोख पडतो आणि मी खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत येरझारा घालते. आई म्हणते, "बस गं एका जागी, फरशी झिजेल." मी बसते आणि परत उठते.

आता मुद्द्याचं. तुझ्या काठावर सूर्य एकवीस जानेवारीलाच येतो. आमच्याआधी आठ दिवस. त्या दिवशी होडी घेऊन ये आणि आईला तुझ्याकडे ने. हे मी लिहितेय. मी! हात कसा रेटला असेल ते तुला कळेल.

तुरबोर

२ डिसेंबर

ओड्वार,

उत्तर नाही. बरं.

तोंडात मिठाची गुळणी धरून बसणं तुला जन्मापासून जमतं. लहानपणी बाबांची गळाची दोरी तू पाण्यात घालवलीस आणि तीन दिवस एक शब्द बोलला नाहीस. शेवटी मार मी खाल्ला.

आणि एक सांगते. मी गुरुवारी दुकानात गेले की तू मागून येऊन आईपाशी बसतोस, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. मी परत येते तर खुर्ची ऊबदार असते, घरभर मेंढ्यांचा वास असतो, आणि आई मुद्दाम झोपेचं सोंग घेते. एकदा कॉफीचे दोन कप धुवायला पडले होते. विचारलं तर म्हणाली, "दोन्ही मीच प्यायले, तुला काय करायचंय?" त्याच्या पुढच्या गुरुवारपासून मी दुकानात अर्धा तास जास्त काढते. कॉड माशांच्या फ्रिजसमोर उभी राहते. दुकानदाराला वाटतं, बाईचं डोकं फिरलं.

होडीचा विषय संपला. आईला सांगितलं की एकवीसला तुला ओड्वारकडे नेऊ. अशी भडकली! "मी का म्हणून दुसऱ्याच्या काठावर ऊन मागायला जाऊ? सत्तर वर्षं ते माझ्या घरी चालत आलंय. याही वर्षी येईल. एकोणतीसला. या खुर्चीत, या रेघेसमोर." मी म्हटलं, "आई, तो दुसरा कोणी नाही, तुझा मुलगा आहे." तर म्हणाली, "मग त्याला इकडे येऊ दे. त्याला पाय आहेत, मला नाहीत."

काय करू सांग. ती एकोणतीस धरून बसलीय. रोज सकाळी विचारते, किती दिवस राहिले? मी सांगते. तिला ते सांगताना माझ्या मनात काय असतं ते तुला ठाऊक नाही. किंवा असेल ठाऊक. मला तीच भीती आहे.

तुझ्या स्वयंपाकघराचा दिवा हल्ली लवकर विझतो. बरा आहेस ना?

तुरबोर

२१ डिसेंबर

ओड्वार,

आज सूर्य उलटला. आपल्याला दिसला नाही म्हणून काय झालं, उलटला तर खराच. बाबा आजच्या दिवशी बटाटा काढायचे, आठवतं? बटाट्यात आईची विणायची सुई आरपार, सुई जराशी कललेली, आणि टेबलाच्या मधोमध दिवा. सुईची कलती बाजू तशीच धरून ते बटाटा दिव्याभोवती फिरवायचे. "हे आपण, वरच्या टोकापाशी. बघा पोरांनो, आत्ता बटाट्याने कितीही गिरक्या घेतल्या तरी आपल्यावर उजेड पडत नाही. आता दिव्याच्या पलीकडे नेतो. बघा, आता आपण गिरकीभर उजेडात. आणि हे मधल्या पोटावर राहणारे, यांना बाराही महिने बारा तास दिवस, बारा तास रात्र." तू दरवर्षी तेच विचारायचास, "बाबा, सुई सरळ का करत नाही?" आणि ते दरवर्षी तेच म्हणायचे, "सरळ केली तर जूनमध्ये रात्रभर उन्हात गवत कोण कापणार, तुझा आजा?"

आज आईने बटाटा मागितला. मी दिवा लावला, सुई खुपसली, फिरवून दाखवलं. तिने डोळे बारीक करून पाहिलं. "अगं ए, सुई दिव्याकडे झुकवलीस! डिसेंबरात उन्हाळा आणलास घरात!" आणि हसता हसता तिला खोकला लागला, तो थांबेना. मी पाठ चोळत बसले. पाठीची हाडं मोजून घ्यावीत अशी झालीय ती.

नंतर तोच बटाटा उकडून खाल्ला.

ओड्वार, पृथ्वी तिच्या कामात चुकत नाही. एकोणतीस जानेवारीला सूर्य जिथं असायला हवा तिथं असतोच. घोटाळा सूर्य येतो त्या आपल्या डोंगरातल्या खिंडीत आहे. तुला कळलं असेल मी काय म्हणतेय. सगळं लिहायला बसले होते, पण आज धीर होत नाही. नाताळ होऊ दे.

तुझ्यासाठी लोकरीचे मोजे आईने विणलेत असं समज. खरं तर टाचा मी विणल्या, तिला आता टाच वळवता येत नाही. सिग्नीबरोबर पाठवते.

तुरबोर

५ जानेवारी

ओड्वार,

सिग्नी म्हणाली, मोजे तू लगेच पायात घातलेस. म्हणून आज लिहायचं बळ आलं.

बारा वर्षांपूर्वीच्या एकवीस जानेवारीला तू होडी घेऊन आलास. घोंगड्या आणल्यास, गरम पाण्याच्या पिशव्या आणल्यास. म्हणालास, "बाबांना माझ्याकडे नेतो, आज तिकडे ऊन पडलंय." मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, गारठ्याने मरतील वाटेत. ऊन आठ दिवसांनी इथंच येणार आहे, त्यांच्या स्वतःच्या रेघेवर. तू म्हणालास, "तू बाबांचा सूर्य अडवतेयस." आणि गेलास.

गारठ्याचं निमित्त होतं. मला भीती ही होती की ते तुझ्याकडे गेले तर उन्हात बसतील, तिथंच राहतो म्हणतील, आईही त्यांच्यामागे जाईल, आणि आयुष्यभर सावलीच्या काठावर राहून त्यांचं सगळं करणारी मी, रिकाम्या घरात उरेन. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता तुला सांगितलं.

पुढचे आठ दिवस मी उन्हावर डोळा ठेवून होते. तुझ्या काठाकडून ते रोज थोडं थोडं पाणी कापत येत होतं. एकोणतीसला सकाळी दरवर्षीसारखे सूर्याचे पाव भाजले, वर जॅम घातला. बाबांची खुर्ची रेघेसमोर लावली. आकाश काचेसारखं. बारा वाजायला आले. आणि ऊन आपल्या धक्क्याच्या पलीकडे, पाण्यावरच थांबलं. मी खिडकीतून वर पाहिलं. खिंडीत आकाश पेटलं होतं आणि त्यापुढे काळेकुट्ट शेंडे उभे होते. स्प्रूसच्या झाडांचे. आपले.

आपलेच, ओड्वार. शाळेने रोपं लावायला नेलं होतं तो दिवस. मी नऊ वर्षांची, तू सात. बाईंनी सांगितलं होतं उतारावर लावा. खिंडीत माती मऊ होती आणि मला लवकर संपवून डबा खायचा होता, म्हणून मी म्हटलं इथंच लावू. तू लोकरी टोपीतून पाणी आणत होतास. चाळीस रोपं. चव्वेचाळीस वर्षांत ती एवढी वाढली की चार दिवसांचं ऊन गिळून बसली, आणि मी ते पाहिलंच नाही! जानेवारीत तर निम्मी वर्षं ढगच असतात. बाबा म्हणायचे, ढग असो नसो, एकोणतीसला पाव खायचेच. आणि शरदात ऊन जाताना तरी बघायचंस म्हणशील, तर येणाऱ्या सूर्याकडे सगळं गाव डोळे लावून बसतं, जाणाऱ्याकडे कोण बघतं?

बाबांची नजर तेव्हा गेलेलीच होती. त्यांनी विचारलं, "आलं का गं?" मी म्हटलं, "आलं बाबा. रेघेवर आलंय." त्यांनी चेहरा खिडकीकडे केला. म्हणाले, "हं. गरम लागतंय." आणि पाव खाल्ला, अख्खा.

एकतीसला पहाटे गेले.

अंत्यविधीनंतरच्या कॉफीला मी सगळ्यांसमोर सांगितलं की बाबा ऊन बघून गेले. तू कप खाली ठेवलास आणि उठून गेलास. तुझ्या खिडकीत दुर्बीण असते. त्या दिवशी आपलं घर सावलीत होतं हे तू पाहिलं असणार. तुला वाटलं असेल, ही बाई खोटारडी आहे. होते. आहे.

आता ऐक. झाडं आणखी उंच झालीत. या नोव्हेंबरात तेराला ऊन आलंच नाही, ते सातलाच गेलं होतं. म्हणजे आता चार फेब्रुवारीच्या आत येणार नाही. आणि सिग्नीने काल आईची नाडी बघून माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पुन्हा "आलं" म्हणू का? हिची नजर शाबूत आहे. आणि नसती तरी मला जमणार नाही.

वरची जमीन तुझ्या वाट्याची, झाडं तुझी. तोडायची परवानगी दे. तोडून देशील तर पाय धरीन.

तुरबोर

१२ जानेवारी

ओड्वार,

पत्र तुला नऊ तारखेला मिळालं असणार. मी रोज दुपारी दार उघडं ठेवून कानोसा घेत होते. खाडी गप्प, डोंगर गप्प, तू गप्प.

मग काल सिग्नीला आईपाशी बसवलं, बाबांची मोठी करवत पाठीला बांधली आणि वर गेले. पासष्ट वर्षांची बाई, एक गुडघा लोखंडाचा, कमरेएवढा बर्फ. आई खिडकीतून ओरडत होती, "कुठं निघालीस मरायला?" मी म्हटलं, "सरपण आणते." "ढीगभर आहे की!" "कमी पडेल!"

अर्ध्या मैलाला दोन तास लागले. दुपारची निळी वेळ होती, तेवढ्या उजेडात एका झाडाला भिडले. दोन वीत कापलं असेल नसेल, झाड जरा बसलं आणि करवत आत अडकली. ओढली, लाथा मारल्या, शिव्या दिल्या. बाबांच्या सगळ्या शिव्या मला अजून पाठ आहेत हे तिथं कळलं. मग खाली बसले आणि रडले. घाम गोठायला लागला तेव्हा उठले.

तर बाबांची करवत तुझ्या झाडात अडकली आहे, खिंडीच्या डाव्या हाताला, तिसऱ्या झाडात. तुझं झाड तुला न विचारता कापलं, याबद्दल काय तक्रार करायची ती कर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्यामाझ्यासारख्यांनाच. पण माझा पीळ जळला रे, ओड्वार. खरंच जळला.

आज आईने चहा दोन घोट घेतला. सतरा दिवस राहिले.

तुरबोर

१९ जानेवारी

ओड्वार,

काल सकाळी दार उघडलं तर पायरीवर बाबांची करवत. पुसलेली, तेल लावलेली, दात घासून धार काढलेले. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. बर्फात स्कीच्या दोन रेघा, वर गेलेल्या.

मी पायरीवर तशीच उभी होते आणि वरून यंत्राच्या करवतीचा आवाज आला. कर्कश, घाणेरडा आवाज. इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. मग पहिलं झाड पडलं. खिडक्या थरथरल्या.

आई आतून म्हणाली, "शेवटी तोडताय होय ती झाडं!"

मी दारातून आत वळले. "कसली झाडं, आई?"

"खिंडीतली. तुम्ही लावलेली. वीस वर्षं मी ह्यांच्या मागे लागले होते, तोडा म्हणून. मेला सूर्य उशिरा येतोय. तर म्हणायचे, पोरांनी लावलीत, वाढू देत. आपण एकोणतीसला पाव खाऊ, सूर्य सवडीने येईल."

"बाबांना माहीत होतं?"

"रेघ कोणी कोरली होती? त्यांना माहीत नसेल?"

मी तिच्या पलंगाच्या कडेवर बसले. म्हटलं, आई, मग त्या दिवशी मी "ऊन आलं" म्हटलं तेव्हा? ती म्हणाली, "मला म्हणाले होते नंतर. पोरगी घाबरलीय, तिला दुखवू नकोस. पाव चांगला झाला होता म्हणाले."

बारा वर्षं, ओड्वार! मला वाटलं मी त्यांना फसवलं. आणि ते मला सांभाळून घेत होते. मी तिच्या पांघरुणात तोंड घालून गुरासारखी रडले.

मग एकोणतीसचं आठवलं तसा मला राग आला. म्हटलं, "तुला माहीत होतं की एकोणतीसला ऊन येणार नाही. मग अडीच महिने माझा जीव का खाल्लास एकोणतीस एकोणतीस करून?"

म्हातारी काय म्हणाली माहीत आहे? "एक मेंढरू या काठावर, एक त्या काठावर. मध्ये काहीतरी टाकल्याशिवाय हलणार होतात का तुम्ही?"

तेव्हा हा असा सगळा डाव. पण तिची आता खरंच ताकद संपलीय, ते सोंग नाही. रात्री श्वास मोजत बसते मी. दहा दिवस. चाळीस झाडं. तू त्रेसष्टचा आहेस, जपून तोड. पण थांबू नकोस.

रोज अकराला खिंडीच्या खालच्या दगडावर कॉफीचा थर्मास आणि माशाचे सँडविच ठेवीन. सिग्नी नेऊन ठेवील, म्हणजे तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

तुरबोर

२९ जानेवारी, दुपारी एक

ओड्वार,

तू अजून वरच आहेस, म्हणून लिहितेय. स्वस्थ बसवत नाही आणि आई आत्ताच डोळे मिटून पडलीय.

सकाळपासून काय झालं ते तुला कळायला हवं. पहाटे बर्फ पडत होता. मी देवाला, ढगाला, तुला, सगळ्यांना शिव्या दिल्या. नऊला बर्फ थांबला. दहाला पश्चिमेकडून ढग फाटले. सिग्नीने आणि मी आईला खुर्चीत बसवलं, उशा लावल्या. ती रेघेकडे पाठ करून खिंडीकडे तोंड करून बसली. "रेघ मला पाठ आहे," म्हणाली, "मला सूर्य बघायचाय." पावाचं ताट मांडीवर.

पावणेबाराला खिंड सोन्यासारखी झाली. उघडी, मोकळी खिंड, ओड्वार. मी लहान असताना होती तशी. मग मधोमध एक ठिणगी दिसली. मग नखाएवढी कड.

आणि त्या कडेत एक काळी काडी उभी. टोपी घातलेली.

आईने डोळ्यांवर हात धरला. "कोण गं तो मध्ये?"

मी म्हटलं, "ओड्वार."

"बघा!" आई म्हणाली. "बापाचा सूर्य अडवला म्हणून बहिणीशी बारा वर्षं बोलला नाही, आणि आता स्वतः आईच्या सूर्यात उभा! अरे गाढवा, बाजूला हो!"

तिच्या त्या चिमणीएवढ्या आवाजाने ओरडली रे. तुला अर्ध्या मैलावर काय ऐकू जाणार? पण त्याच क्षणी तू हललास. तू आमच्या घराकडे बघत होतास ना, ऊन कुठवर आलं ते? एक पाऊल, दोन पावलं बाजूला झालास, आणि सगळं ऊन एकदम खाली आलं. अंगणातून, पायरीवरून, खिडकीतून. आईच्या तोंडावर, केसांवर, पावावर. मी मागे वळून पाहिलं. चौकटीवरच्या रेघेवर ते बरोबर पडलं होतं. एक सूतही इकडेतिकडे नाही.

सहा मिनिटं होतं. आईने अर्धा पाव खाल्ला, जॅम गालाला लागला तो पुसू दिला नाही. ऊन गेल्यावर एकदाच म्हणाली, "गरम लागलं." मग पलंगावर न्यायला सांगितलं.

श्वास हळू आहे. सिग्नी मनगट धरून बसलीय आणि माझ्याकडे बघत नाही.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. टेबलावर तुझ्या बशीखाली ठेवतेय. बशीत तीन पाव आहेत. तुझी करवत थांबलीय हे ऐकू येतंय, म्हणजे तू निघालास. की तिथंच उभा आहेस?

आत्ता आईने डोळे न उघडता विचारलं, "येतोय का तो?"

मी सांगितलं, "येतोय, आई. अंगणापर्यंत आलाय."

या घरात पुन्हा खोटं बोलणार नाही अशी शपथ घेतलीय मी, ओड्वार. तेव्हा धाव.

तुरबोर